पोचलं का, कळलं का, पटलं का

आमच्या कंपनीच्या मोठ्या मालकांनी एकदा भर मीटिंगमध्ये आकडेवारी खाल्ली. चावून, शेंगदाण्याच्या चटणीला लावून खाल्ली. मी समोरच बसले होते. ती आकडेवारी त्यांच्यापुढे मांडणाऱ्या माणसाचं नाव बिराजदार अप्पा.

आमची कंपनी सोयाबीनचं तेल काढते. एक कारखाना लातूरच्या एमआयडीसीत, दुसरा नांदेडला. दोन्हीकडच्या कामगारांना कंपनीच्या सूचना मोबाइलवर पाठवायच्या आणि त्याचं पुढे काय झालं ते दर तिमाहीला मालकांना सांगायचं, हे अप्पांचं काम. सूचना किती जणांच्या मोबाइलवर गेली, किती जणांनी उघडली, किती जणांनी शेवटपर्यंत वाचली, हे सगळं कंपनीचं अ‍ॅप सांगतं. दुसऱ्या कुणी त्याचे रंगीत तक्ते केले असते. अप्पा पिशवीतून ज्वारीची भाकरी काढायचे.

"ही पूर्ण भाकरी बगा. इतक्यांना सूचना गेली." मग भाकरी मोडायची. "इतक्यांनी उघडली." पुन्हा मोडायची. "इतक्यांनी सगळी वाचली." असं करत करत शेवटी बोटाच्या पेरावर मावेल एवढा तुकडा उरायचा. "आन् इतक्यांना कळली." या शेवटच्या तुकड्याचा हिशेब कुठलंही अ‍ॅप देत नाही. त्यासाठी अप्पा कामगारांना फोन करकरून पिडायचे. भाकरीसोबत कागदावर थोडी चटणी असायचीच. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "कोरडा आकडा मालकापुढं ठिवू न्हाई."

पहिल्यांदा साहेब लोक हसले म्हणे. पण तक्ता बघताना मोठ्या मालकांना झोप लागायची आणि भाकरी मोडताना लागत नव्हती. त्यामुळे ही पद्धत टिकली.

अप्पा दिसायला साधे, पण स्वभावाने अजिबात साधे नव्हते. स्वतःइतका हुशार माणूस लातूर जिल्ह्यात दुसरा नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते मत ते लपवून ठेवत नसत. पोचलं का, कळलं का, पटलं का, हे तीन प्रश्न त्यांनी सगळ्या जगाला लावले होते. टेबलावर चहा आला की म्हणायचे, "पोचला." घोट घेऊन, "कळला." आणि साखर जास्त असली की, "पटला न्हाई." माझ्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका दिली तर रात्री फोन. "ताई, पत्रिका पोचली. कार्यालय बी कळलं. पर लगीन ऐन उन्हाळ्यात, हे काय पटलं न्हाई." मी म्हटलं, अप्पा, नवरदेवाला पटलंय, तेवढं बास.

दुपारी एक वाजला की हा माणूस खुर्चीत थांबत नसे. मीटिंग असो, मालक असोत, स्कूटर काढून घरी जेवायला जायचा. आम्ही त्याचीही टिंगल करायचो. आणि भाकरीची तर जास्तच. कारण पूर्वी त्यांची भाकरी चंद्रासारखी गोल असायची, म्हणे. अलीकडे तिला कोपरे फुटले होते. हिशेब खात्यातले पाटील तक्रार करायचे, "अप्पा, भाकरी अशी वाकडी आणली तर टक्केवारी कशी काढायची माणसानं?" मी एकदा विचारलं, "अप्पा, काकू रुसल्या काय?"

"हाव," अप्पा म्हणाले. "लई दिवसाची रुसली. बोलतच न्हाई."

आम्ही सगळे हसलो.

आमचं दोघांचं भांडण एकाच विषयावर व्हायचं. मी नांदेडची. अप्पांच्या मते नांदेड हे लातूरला चिडवण्यासाठी वसवलेलं गाव होतं. मी त्यांना गोदावरी सांगायची, गुरुद्वाऱ्याचा लंगर सांगायची, रेल्वेचं मोठं ऑफिस सांगायची. ते म्हणायचे, "दुष्काळात आमच्याकडं पाणी रेल्वेनं आलं, तरी आमी गाव सोडलं न्हाई. तुमी नदी असून लातूरला नोकरीला आलाव."

मग छोटे मालक पुण्याहून शिकून आले. आल्या आल्या त्यांनी अप्पांना बोलावलं. मीही तिथेच होते. "अप्पा, पुढच्या मीटिंगला भाकरी आणायची नाही. मला पाच स्लाइड पाहिजेत, नीटनेटक्या. जमत नसेल तर हे काम पुण्याच्या एजन्सीला देऊ आणि तुम्ही नांदेडच्या कारखान्यात स्टोअर सांभाळा."

अप्पांचा चेहरा एकदम उतरला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो, नांदेड म्हणजे काळं पाणी नाही."

"ताई, नांदेडहून दुपारी घरी कसं येणार?"

"डबा न्यायचा."

ते पिशवी उचलून जागेवर निघून गेले. मला रागच आला. नांदेडमध्येही माणसं दुपारी जेवतातच की.

स्लाइड मीच करून दिल्या. त्या खेपेचा विषय होता नांदेड कारखान्याच्या पहाटेच्या पाळीची बस. ती एक तारखेपासून बंद होणार, अशी सूचना गेली होती. मी एक मोठा हिरवा गोल काढला. अप्पा त्या गोलाकडे बघत बसले. "ताई, हिरवा कशाला? हिरवं बगितलं की माणूस खूश होतोय. खूश झाला की इचारत न्हाई."

"लाल काढला तर तुम्हाला नांदेडला पाठवतील," मी म्हटलं. गोल हिरवाच राहिला.

मीटिंग लांबली. अप्पांची पाळी आली तेव्हा एक वाजून गेला होता, पण त्या दिवशी नांदेडच्या धास्तीने अप्पा घड्याळ बघत थांबले होते. त्यांनी शहाण्या मुलासारख्या स्लाइड दाखवल्या. हिरवा गोल आला तसे छोटे मालक खुलले. "बघा, जवळजवळ सगळ्यांना पोचलं. एकाचीही तक्रार नाही. म्हणजे सगळ्यांना मान्य. बस बंद करून टाकू."

झालं होतं. अप्पांनी आता खाली बसायचं, एवढंच उरलं होतं. नांदेड टळलं होतं. मी डोळ्यांनी त्यांना खुणावत होते, बसा, बसा. अप्पांनी माझ्याकडे बघितलं, स्लाइडकडे बघितलं आणि खाली वाकून पिशवी उचलली.

त्या दिवशीच्या भाकरीला चार कोपरे होते. छोटे मालक "अप्पा" म्हणाले, पण तोवर पहिला तुकडा मोडला होता. एकेक तुकडा टेबलावर गेला. शेवटचा, सगळ्यात लहान, अप्पांनी चटणीच्या कागदावर ठेवून मोठ्या मालकांपुढे सरकवला.

"सायेब, इतक्यांनाच कळलंय. बाकीच्यांनी नुसतं उघडून मिटवलंय. ते एक तारखेला पहाटं रस्त्यावर बसची वाट बगत हुबं ऱ्हातील. तक्रार कोण करील? तक्रार करायला आदी कळावं लागतंय."

मोठ्या मालकांना साखरेचा आजार, जेवणाची वेळ टळून गेलेली. विचार करता करता त्यांचा हात पुढे आला. त्यांनी तो तुकडा उचलला, चटणीला लावला आणि तोंडात टाकला.

अप्पा बघत राहिले. मग म्हणाले, "सायेब, कळलेले होते तेवढे बी तुमी खाल्लाव."

मोठे मालक इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "बस चालू राहू द्या. अप्पा, तुम्ही नांदेडला जाऊन गेटवर उभं राहून माणसांना विचारा. पहाटे जा, दुपारी जेवायला घरी परत या. आणि स्टोअरला दुसरा माणूस बघा." छोट्या मालकांनी लॅपटॉप मिटला. 'उघडली पण वाचली नाही' हा तुकडा पुढे त्यांनीच खाल्ला. भूक त्यांनाही लागलीच असणार.

अप्पांना मात्र या विजयाचं काही नव्हतं. घड्याळ बघून ते पळत सुटले. नेमकी स्कूटर सुरू होईना. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे काही मागितलं. "ताई, घरी सोडताव का?" मी सोडलं. मी दारातूनच परत निघणार होते, तर अप्पा म्हणाले, "या, आत या."

खिडकीजवळ काकू खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला, तोंड एका बाजूला उतरलेलं.

"लकवा झाला तवापासून बोलणं गेलंय," अप्पा हात धुता धुता म्हणाले. "सांगितलं होतं की तुमाला, बोलत न्हाई म्हून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टोपल्यात सकाळच्या भाकऱ्या होत्या, सगळ्या कोपऱ्यांच्या. अप्पांनी स्टूल ओढलं, एक भाकरी घेतली आणि मीटिंग सांगायला सुरुवात केली. एक तुकडा मोडायचा, वरणात भिजवायचा, काकूंना भरवायचा आणि पुढचं सांगायचं. मधेच माझ्याकडे वळून म्हणाले, "हे हिनंच शिकवलं. मी लई लांबण लावायचो. म्हणायची, काय ते भाकरी सरायच्या आत सांगा."

नांदेडला पाठवणार होते, हे तेवढं त्यांनी सांगितलं नाही.

"पोचलं का?" काकूंनी डोळे मिटून उघडले. "कळलं का?" पुन्हा मिटून उघडले. "पटलं का?" काकूंनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"हिला माजं कवाच पटलं न्हाई," अप्पा म्हणाले. "बोलत होती तवा बी."

मग ते मोठ्या मालकांच्या तुकड्यापर्यंत आले. मालकांचा हात कसा पुढे आला ते त्यांनी करून दाखवलं, आणि काकू हसल्या. अर्ध्याच तोंडाने, पण हसल्या. घशातून आवाजही आला. अप्पांचा हात ताटावर तसाच राहिला.

"आईकलं का ताई?" त्यांनी हळूच विचारलं. मी मान हलवली.

भाकरी संपली होती. काकूंचं पोटही भरलं असावं. अप्पांनी डोळे पुसले, टोपल्यातून दुसरी भाकरी काढली आणि काकूंच्या पुढे धरली.

"ही बग," ते म्हणाले. "पूर्ण भाकरी."