एकशेपाच सेकंद

मगदूम अण्णांसमोर "दोन मिनिटांत आलो" म्हणायची चोरी होती. "एकशेवीस म्हण," ते बजावायचे. "मिनिट म्हंजे मोघम काम. सेकंदात बोल की." आणि माणूस परत आला की तोंडावर आकडा फेकायचे : "सहाशे चाळीस झाले. कुठं गेलतास? चंदगडला?"

उद्यमनगरातल्या आमच्या कारखान्यात पंपाचे सुटे भाग तयार व्हायचे. कुठल्या कामाला किती वेळ लागतो, हे मोजणं ही अण्णांची नोकरी. गळ्यात स्टॉपवॉच, हातात फॉर्म लावलेली फळी आणि उजव्या अंगठ्याचा भलता अभिमान. "घड्याळ कुणीबी इकत घेतंय. दाबायला अंगठा पायजे." मालकांचं खंडेनवमीचं भाषण, गडहिंग्लजच्या एसटीला झालेला उशीर, मिसळ टेबलावर यायला लागलेला वेळ, सगळं त्यांच्याकडे सेकंदात होतं. लग्न तेवढं राहून गेलं. मुलगी बघायला गेले, पोहे यायला अठराशे सेकंद लागले म्हणून उठून आले, असं लोक सांगत. मी एकदा धीर करून विचारलं.

"खोटं हाय," अण्णा म्हणाले. "चोवीसशे लागले."

वेळ मोजणाऱ्या माणसाला एरवी कामगार जवळ उभं करत नाहीत. अण्णांना करत, कारण ते प्रत्येक कामात सहा सेकंद घाम पुसायचे धरत. लेथवरचा शंकर तर रोज त्यांच्याच डब्यात हात घालायचा. "अण्णा, भाकरी खायाचे किती धरलाय?" असं विचारायचा आणि दोघं खदखदून हसायचे.

मग कारखान्यात संगणक आला आणि त्याच्यासमोर मी. कोर्स करून आलेला, चोवीस वर्षांचा, अजून कायम न झालेला.

कंपनीच्या छापील फॉर्मवर रकाना मिनिटांचाच होता; तोवर त्याचे सेकंद अण्णा तोंडीच करायचे. आता ते मी करायचं ठरलं. अण्णांचे कागद माझ्या टेबलावर आले. मी आकडे जसेच्या तसे भरले, पुढच्या रकान्यात साठाने गुणायचं सूत्र घातलं आणि खालपर्यंत ओढलं. पंधरा दिवसांचं काम एका दुपारी उरकलं. साहेबांनी पाठ थोपटली. नवं टार्गेट फलकावर लागलं आणि खाली यंत्रांपाशी आरडाओरडा सुरू झाला. इतके नग आठ तासांत होणंच शक्य नव्हतं. शंकर जेवायची सुट्टी बुडवून लेथवर उभा राहिला, तरी पुरे झाले नाहीत.

साहेबांनी अण्णांना केबिनमध्ये बोलावलं. शंकर दारात येऊन उभा राहिला.

"शंकरच्या कामाला संगणक सत्त्याऐंशी सेकंद दाखवतोय," साहेब म्हणाले. "आज तुम्ही एकशेपाच सांगताय. खरं काय?"

"एकशेपाच. त्या दिवशीबी एकशेपाचच हुते. कागद काढा की."

"विलास, कागद आण."

मी माझ्या टेबलाशी गेलो. कागद गठ्ठ्यात वरच होता. अण्णांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं : १.४५. एक मिनिट पंचेचाळीस सेकंद. आपण सगळे वेळ असाच टिंब देऊन लिहितो. संगणकाला मात्र तो दशांश वाटला. एक पूर्णांक पंचेचाळीस शतांश गुणिले साठ, सत्त्याऐंशी. दर ओळीत हेच झालं होतं. दर माणसाचे सेकंद मी खाल्ले होते.

कागद घेऊन दहा पावलं चालायची होती. मी तो ड्रॉवरमध्ये तळाशी सरकवला आणि रिकाम्या हातांनी केबिनमध्ये गेलो.

"सापडत नाही, साहेब."

"कशाला सापडंल?" शंकर म्हणाला. "अण्णा, साहेबास्नी खूश करायला आमचा वेळ कापलासा. घाम पुसायचं सेकंदबी काढून घेतलासा व्हय?"

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"चुकला असंल," ते म्हणाले.

आठवडाभर ते भिंतीवरच्या घड्याळापुढे उभे राहून बटण दाबून बघत होते. दर वेळी बरोबर येत असणार. तरी आठव्या दिवशी त्यांनी स्टॉपवॉच साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि स्वतःच स्टोअरला बदली मागितली. त्यानंतर मी सूत्र दुरुस्त केलं, कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून थोड्या थोड्या ओळी करून. टार्गेट खाली आलं. "बघा," साहेब म्हणाले, "माणूस बदलला, आकडे सुधारले." मी कायम झालो. अण्णा निवृत्त होईपर्यंत स्टोअरमधल्या खोक्यावर बसून एकटे जेवले.

केबिनमधल्या त्या दिवसानंतर आठ वर्षांनी, एका रविवारी, मी कळंब्याला त्यांच्या खोलीवर गेलो. बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. ड्रॉवरसुद्धा.

अण्णा लसूण सोलत होते. हात थांबले. "म्हंजे अंगठा बरोबर हुता?"

"होय, अण्णा."

"परत सांग."

मी परत सांगितलं. ते मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"शंकरला सांगिटलास?"

"नाही."

त्यांनी खुंटीवरचा सदरा चढवला. शंकरचं घर तीन गल्ल्या पलीकडे होतं. "तवापास्नं हिकडनं कधी आलो न्हाई मी," चालता चालता अण्णा म्हणाले. "त्यानं तोंड फिरवलं तर काय करायचं?" दारापाशी ते थांबले. "तू जा आत. मी हितंच थांबतो."

शंकरनं सगळं ऐकून घेतलं. मग मला ओलांडून उंबऱ्याशी गेला. रस्त्यात, भिंतीकडे तोंड करून, अण्णा उभे होते.

"आत या की, अण्णा," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता घरात ओरडला, "दोन च्या टाक गं!"

मी चपला घालायला वाकलो.

"तीन सांग, शंकर," अण्णा म्हणाले.