दरोडेखोर गंगीची मिशी

बिरूमामा चहा पिताना आधी मिशी उचलायचे. डाव्या हाताच्या दोन बोटांनी, दाराचा पडदा बाजूला करावा तशी, अगदी अदबीनं. मग उजव्या हातातली बशी ओठाला लावून एका दमात रिकामी करायचे आणि पडदा पुन्हा हळूच खाली सोडायचे. सोलापुरात आमच्या चाळीसमोर चन्नप्पाचं चहाचं दुकान आहे. तिथं कोणी परगावचा माणूस आला, तर तो स्वतःचा चहा निवू द्यायचा, पण हे बघणं सोडायचा नाही.

मामा आमच्या शेजारच्या खोलीत राहतात. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, विणकर आहेत. नात्यानं ते कोणाचेच मामा नाहीत, पण त्या मिशीमुळे त्यांना नुसतं ‘बिरू’ म्हणायची कोणाची छाती होत नसावी. ती गालांवरून निघून जवळजवळ कानांपर्यंत जायची. गिरणीत हवेत कापसाची तूस उडते, म्हणून मामा कामावर तोंडाला तांबडा रुमाल बांधत. रात्री झोपताना मिशीवर तेल लावून वर फडक्याची पट्टी. त्यामुळे चाळीतल्या लहान मुलांची अशी समजूत होती, की मामांची दाढ जन्मापासून दुखते.

खाण्याचेही नियम होते. दही बंद, कारण “दही म्हंजी मिशीचा दुश्मन.” पातळ आमटीही बंद. शेंगांची चटणी आणि भाकरी, की झालं. मामी वैतागून म्हणायच्या, “सवत हाय माझी ती! तिला इचारल्याबिगर ह्या घरात भाजी शिजत न्हाय.” मामा त्यावर शांतपणे मिशीला पीळ देत. शपथ घ्यायची वेळ आली, तर देवाला मधे आणत नसत. “मिशीची आण,” म्हणाले, की विषय संपला.

आणि हा माणूस एकेकाळी बाई होता. म्हणजे सिनेमात.

मी तेव्हा बिगरीत होतो, त्यामुळे हे सगळं ऐकीव आहे. सिनेमे अजून मुके होते. कुठलीशी एक फिरती कंपनी होटगीच्या माळावर ‘दरोडेखोर गंगी’ नावाचं चित्र काढायला आली. कंपनी म्हणजे एक कॅमेरा, एक मॅनेजर, तीन दरोडेखोर आणि टांग्याचं सोडून आणलेलं एक घोडं. गंगीच्या कामाला तमाशातली एक बाई ठरवली होती. तिनं ते घोडं पाहिलं आणि म्हणाली, “मी नाचायला आले, मरायला न्हाई.” होटगी जंक्शन असल्यामुळे तिला गाडी लगेच मिळाली.

एवढ्यात घोडंही पळालं. मामा गिरणीच्या सुटीत गंमत बघायला गेले होते. ते मूळचे करमाळ्याकडच्या एका धनगर वस्तीवरचे. मेंढरांच्या मागं तट्टावर बसून फिरलेले. त्यांनी धावत जाऊन घोडं धरलं आणि त्याच्यावर बसूनच परत आणलं. मॅनेजरनं पाहिलं, तर मुलगा शेलाटा, गोरा, नाक सरळ. तो म्हणाला, “हीच गंगी! फक्त मिशी काढा.” तिथंच लिंबाखाली मिशी गेली, आणि नऊवारी नेसून मामा घोड्यावर चढले.

त्या चित्राच्या गोष्टी सांगताना मामा हसून हसून बेजार होत. “दरोडेखोर तीन, दाखवायचे तीस. मग काय, कॅमेऱ्याच्या म्होरनं पळायचं, मागनं वळसा घालायचा, फेटा बदलायचा, का पुन्हा म्होरनं! आन पोलीस तरी येगळे व्हते का? तेच की. सोताच्याच मागं पळत व्हते बिचारे.” सावकाराची माडी म्हणजे माळावरची एक पडकी भिंत होती. शेवटी गंगीला गोळी लागते. मामा मरून पडले तेव्हा त्यांच्या नाकावर माशी बसली, आणि मेलेल्या गंगीनं ती हातानं हाकलली. फिल्म महाग, म्हणून मॅनेजरनं ते तसंच राहू दिलं.

चित्र सोलापुरात तंबूत लागलं आणि चाललंही. त्यानंतर कंपनी कुठं गेली, फिल्म कुठं गेली, कोणास ठाऊक. उरलं एवढंच, की गिरणीत मामांना जवळचे लोक ‘गंगी’ म्हणत आणि मामा ओ देत. शिमग्याला कोणी फारच आग्रह केला, तर ते धोतराचा काष्टा मारून, डोक्यावर टॉवेल घेऊन, भुवई चढवून गंगीसारखे उभे राहत. मिशी तेवढी एका हातानं झाकून घेत.

आता बोलपट आले. तरी बाई दरोडेखोर काही मागं हटली नाही. कमी खर्चात निघणारी असली चित्रं आमच्याकडे सारखी लागतात. तोंडावर काळी पट्टी, हातात चाबूक, पायात विजार. मामा प्रत्येक चित्र पहिल्या खेळाला जाऊन, पुढं जमिनीवर बसून बघत आणि मोठ्यानं तपासत.

“खोटं हाय! घोडं वळखत न्हाय बाईला!”

“गंगे, गप बस की!” मागून कोणीतरी ओरडायचं.

“आरं, पर लगाम कुटं धरलाय बग की तिनं!”

मी पुण्याला कॉलेजात असतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, म्हणून सुटीत घरी आलो की लोक मला वाटेल ते विचारतात, जणू तिथं सगळंच शिकवतात. गेल्या उन्हाळ्यात मामांनी विचारलं, “काय रं कालिज, तुज्या कालिजात पोरं बिनमिशीची असत्यात म्हणं?”

“बरीचशी. हल्ली तशी पद्धत आहे.”

मामा गंभीर झाले. “एवढ्या सगळ्यांचे बा मेले?”

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. आमच्याकडे बाप असताना मुलगा मिशी काढत नाही, हे मलाही ठाऊक होतं. मीसुद्धा पुण्यात वस्तरा हातात घेऊन तो परत ठेवला होता, पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्याच उन्हाळ्यात तंबूच्या मालकाकडे असंच एक नवं चित्र आलं. जाहिरातीसाठी घोड्यावर बुरखेवाली बाई बसवून, बँड लावून गावातून मिरवणूक काढायची होती. मालक स्वतः चाळीत आला.

“बिरूबा, तुमच्याशिवाय दुसरं कोण? उद्या तेवढी मिशी...”

“मिशी न्हाय जायाची.”

“अहो, पुन्हा येईल की!”

“मिशीची आण,” मामा म्हणाले. विषय संपायला हवा होता. पण त्यांचं मन घोड्यात अडकलं होतं. जरा थांबून म्हणाले, “बुरखा हाय न्हवं? मग तो खाली बांदतो.”

दुसऱ्या दिवशी नवी पेठेनं जे पाहिलं, ते पुन्हा पाहायला मिळणार नाही. काळी पट्टी डोळ्यांवर बांधायची, ती मामांनी नाकाखाली बांधली होती. डोळे उघडे, तोंड बंद, आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंनी मिशीची टोकं बाहेर आलेली. पुढं बँड, मागं पोरं. एक म्हातारी विणकरीण आपल्या सुनेला तेलुगूत काहीतरी विचारत होती आणि सून पदर तोंडात कोंबून नुसती हसत होती. मामांची मान मात्र ताठ होती. घोडं त्यांना ओळखत होतं.

संध्याकाळी आम्ही दोघं चाळीच्या पायरीवर बसलो होतो. माझ्या मनात होतं ते मी चाचरतच विचारलं. “मामा, एवढी का जपता?”

त्यांनी पट्टीचा वळ पडलेला गाल चोळला.

“गंगी केली त्या साली बा हितं सोलापुरात गड्ड्याच्या जत्रंला मेंढरं घेऊन आल्ता. मी भेटाया गेलो. तोंड बोडकं. त्यानं इचारलं, ‘कोण गेलं?’ म्हणलं, ‘कोण न्हाय.’ तर म्हणला, ‘मंग मी गेलो व्हय?’ आन मेंढरं वळवून निगून गेला. शिनेमा त्यानं बगितला न्हाय. गंगी कोण, त्याला ठावंच न्हाय.”

“आणि मग?”

“मंग बोलत न्हाय. अजून न्हाय.” मामा किंचित हसले. “करमाळ्याला कमळाभवानीच्या जत्रंला दरसाल जातो की मी, तितं भेटतो. कुत्र्याशी बोलतो त्यो. ‘मोत्या, त्या माणसाला इचार, जेवला का.’ मी म्हणतो, ‘मोत्या, सांग, जेवलो.’ आसं चालतंय. पयला मोत्या मेला, आता दुसरा हाय.”

“पण मिशी तर केव्हाच आली असेल.”

“आली की. पर त्यो बगतच नव्हता माज्याकडं. आन आता बगायचं म्हणलं, तर डोळ्यात फुलं पडल्यात.” त्यांनी मिशीच्या टोकाला हात लावला. “जशी त्याची नदर कमी हुतीया, तशी ही वाढवाया लागतीया.”

मामी आतून जेवायला हाक मारत होत्या. मामा उठले.

दिवाळीच्या सुटीत मी परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चन्नप्पाच्या दुकानात बसलो होतो. मामांच्याच खात्यातला धोंडिबा, चाळीतला सगळ्यात वात्रट माणूस, समोर होता. दारातून पटका बांधलेला एक माणूस आत आला. मी त्याला ओळखलंच नाही. चेहरा लहान दिसत होता, वरचा ओठ पांढुरका. धोंडिबानं मात्र लगेच ओळखलं आणि बाकावर थाप मारली.

“अरं, आली रं आली, गंगी आली! कंचा शिनेमा म्हणायचा, मामा?”

चन्नप्पानंही कढईतून मान वर काढून कानडीत ‘या, या’ केलं. “बर्री, बर्री, गंगव्वा!”

सगळं दुकान हसलं. “घोडं कुटं बांदलं?” कोणी विचारलं. मामाही जरासे हसले, माझ्या शेजारी येऊन बसले. चालत आल्यामुळे घाम आला होता. तो पुसायला त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला.

डोकंही तुळतुळीत होतं.

हसणं थांबलं. धोंडिबाचा हात बाकावरच राहिला. “मामा... बा?”

“व्हय. पंधरा दिस झालं, सांगावा आल्ता, कुणाला न सांगता तसाच गेल्तो. काल दहावं उरकून आलो.”

चन्नप्पानं न सांगता चहा आणून ठेवला. मामा बशीत चहा ओतत बोलू लागले, माझ्याकडे बघत, पण सगळ्यांना ऐकू येईल असं.

“नदर पार गेल्ती. मी जवळ जाऊन बसलो. कोण हाय म्हणून त्यानं हात फिरवला. कपाळ, नाक. मंग मिशी घावली. ह्या टोकापासनं त्या टोकापातुर चाचपली. पुन्हा एकदा चाचपली. आन म्हणला, ‘हाय की.’”

मोत्या तिथंच असणार, असं मला वाटलं. “कोणाला म्हणाले?” मी हळूच विचारलं.

“मला,” मामा म्हणाले.

त्यांनी बशी उचलली. डाव्या हाताची दोन बोटं सवयीनं वर आली, ओठाजवळ गेली, आणि उचलायला तिथं काही नव्हतं. बोटं थोडा वेळ तशीच राहिली. धोंडिबा खाली बघत होता. मग मामांनी हात गुडघ्यावर ठेवला आणि चहा प्यायला.