पंतांच्या मताने लिफ्टबंदी जाहली ती हकीकत

श्री. विघ्नहर्त्यास पहिले नमन आणि शारदेस दुसरे, कारण लिहिणाऱ्याच्या हातून अक्षर एकदा सुटले म्हणजे ते कोठे जाऊन पडेल हे तीच जाणे. स्वामींनी आज्ञा केली की, त्या राज्यात कामकरी बायांस लिफ्टेत मज्जाव कैसा जाहला आणि कैसा उठला, हे आम्हांस ठाऊक नाही, तरी साद्यंत लिहून कळविणे. आज्ञा शिरी वंदून लिहितो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ज्येष्ठ मास.

ते राज्य म्हणजे तीन उंच इमारती, एकेकीस मजले नऊ, भोवती कोट, कोटास एक दरवाजा आणि दरवाजावर पहारा. कारभार अध्यक्ष रणधीरराव पाहात, आणि मधल्या इमारतीत सहाव्या मजल्यावर विश्वंभरपंत सावदेकर आपले कुटुंब मनोरमाबाई यांसह राहात. पंतांनी पस्तीस वर्षे शाळेत व्याकरण आणि नागरिकशास्त्र शिकविले, आणि निवृत्त जाहले तरी शिकविण्याची खोड निवृत्त जाहली नाही. मग नित्य प्रातःकाळी स्नान करून, चहा घेऊन, चष्मा पुसून, पंत राज्याच्या व्हॉट्सअॅप समूहावर एक मत लिहीत. कधी लग्नात ताटात टाकल्या जाणाऱ्या अन्नाविषयी, कधी चौकात लागणाऱ्या वाढदिवसाच्या फलकांविषयी, कधी तान्ह्या लेकरांच्या हाती मोबाईल देणाऱ्या आयांविषयी, आणि लेखन ऐसे शुद्ध की वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ होणे नाही. रयत हात जोडल्याचे चित्र पाठवी आणि आपल्या कामास लागे. पंतांस वाटे, आपले मत कोणी वाचते परंतु कोणी ऐकत नाही, आणि या गोष्टीची त्यांस मनी खंत होती.

मग त्या ज्येष्ठात ऐसे जाहले की, मधल्या इमारतीची लिफ्ट दोनदा बंद पडली, आणि दुसऱ्या वेळी पंत स्वतः बाजाराची पिशवी घेऊन खाली अर्धा तास तिष्ठत उभे राहिले, आणि लिफ्ट आली ती सामान पोहोचविणाऱ्यांच्या खोक्यांनी भरलेली आली. पंत संतापले. दुसरे दिवशी त्यांनी मत लिहिले की, "लिफ्ट ही रहिवाशांच्या सोयीसाठी आहे, बाहेरून येणाऱ्यांनी जिन्याचा वापर केल्यास शिस्त राहील." आणि मग जे पस्तीस वर्षांत जाहले नव्हते ते जाहले. मत ऐकले गेले. रणधीररावांनी कारभाऱ्यांची मसलत केली आणि चौथे दिवशी लिफ्टेच्या दारास कागद चिकटविला की, घरकाम करणाऱ्या महिला, सामान पोहोचविणारे व इतर बाहेरील व्यक्ती यांनी जिन्यानेच जावे, आणि खाली लिहिले की, ज्येष्ठ शिक्षक श्री. सावदेकर सर यांच्या सूचनेनुसार. पंतांनी कागद वाचिला, आपले नाव पाहिले, आणि प्रथम छाती भरून आली, आणि मग ती तशीच भरलेली राहून जड वाटो लागली. कारण घरकाम करणाऱ्या महिला हे शब्द त्यांनी लिहिले नव्हते, आणि ते शब्द वाचताच त्यांस कौसाबाई आठवल्या.

कौसाबाई म्हणजे पन्नाशी उलटलेली बाई, अंगाने काटक, परंतु उजवा गुडघा सुजलेला. त्या पंतांच्या घरी नऊ वर्षे भांडी आणि केरफरशी करीत होत्या, आणि मनोरमाबाईंची बोटे संधिवाताने वाकडी जाहल्यापासून कणीकही त्याच मळून ठेवीत. तिन्ही इमारतींत मिळून त्यांची घरे पाच. दुसरे दिवशी कौसाबाई आल्या त्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या, श्वास पोटात मावेना, आणि मनोरमाबाईंनी पाणी दिले. पंत वर्तमानपत्राआड बसून राहिले. मनोरमाबाई स्वयंपाकघरातून येऊन हळूच म्हणाल्या, "अहो, तुम्ही रणधीररावांना फोन करा ना. म्हणावं, मी असं लिहिलं नव्हतं." पंत म्हणाले, "करतो. जरा योग्य वेळ पाहून करतो." आणि योग्य वेळ पाहता पाहता दिवस आठ गेले. कारण समूहावर रोज कोणी तरी लिही की, सरांनी उत्तम सूचना केली, आता लिफ्ट कशी वेळेवर मिळते, आणि तळमजल्याच्या बाकावर लोक उठून पंतांस जागा देऊ लागले. ही गोडी सोडवेना, आणि कौसाबाईंकडे पाहवेना. त्या केर काढावयास खोलीत आल्या की पंत सज्ज्यात जात, सज्ज्यात आल्या की पंत न्हाणीघरात जात. मत लिहिणेही थांबले, दर सकाळी चष्मा पुसून ठेवून देत.

नववे दिवशी कौसाबाई आठ वाजता आल्या नाहीत. साडेआठ जाहले, नऊ जाहले. मनोरमाबाई दाराशी जात आणि येत. पंत म्हणाले, "पाऊस आहे, बस चुकली असेल." मनोरमाबाई बोलल्या, "पाऊस पहाटेच थांबलाय." मग पंत चपला न घालताच जिन्याने उतरो लागले. पाचवा मजला गेला, आणि चौथ्याच्या वळणावर कौसाबाई भिंतीशी बसलेल्या दिसल्या, डावा हात मांडीवर उलटा पडलेला, तोंड पांढरे, आणि शेजारी त्यांची डब्याची पिशवी उपडी, भाकरी पायरीवर. पंतांनी मोठ्याने हाक मारिली. क्षणभर त्यांस वाटले की संपले, आणि आपल्या हातून संपले. मग कौसाबाईंनी डोळे उघडून म्हटले, "सर, ओरडू नका, जिवंत हाय मी. हात गेलाय. गुडघा वळला आन् हात टेकला."

मग रिक्षा आणिली, इस्पितळी नेले, मनगटाचे हाड मोडले ऐसे निघाले, आणि वैद्याने सहा आठवडे प्लास्टर सांगितले. पंत बाकावर शेजारी बसून राहिले. सहा आठवडे पाच घरांचे काम बंद, म्हणजे काय, हे नागरिकशास्त्र शिकविलेल्या माणसास समजावून सांगावे लागले नाही. पंत म्हणाले, "कौसाबाई, मी ते सामान आणणाऱ्यांसाठी लिहिलं होतं. तुमच्यासाठी नव्हतं लिहिलं." कौसाबाई प्लास्टरकडे पाहात होत्या, त्या म्हणाल्या, "त्यांचे पाय काय लोखंडाचे हायेत व्हय सर?" मग त्या म्हणाल्या, "मी चौथी शिकलेय. कागूद मी पयल्याच दिवशी वाचला. म्हनलं, सर आज बोलतील, उद्या बोलतील."

पुढील रविवारी राज्याची सभा भरली. पंतांनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतले नाही. आयुष्यात त्यांनी सहस्र पोरांच्या चुका तांबड्या शाईने गोल केल्या, परंतु चारचौघांत "माझे चुकले" हे वाक्य स्वतः कधी उच्चारिले नव्हते, आणि ते घरी आरशापुढे म्हणून पाहिले तो वाक्य 'माझे' या शब्दापुढे सरकेना. मनोरमाबाई म्हणाल्या, "कागदावर लिहून न्या." पंत म्हणाले, "कागदानेच तर घात केला." सभेत वाहनतळाचा विषय जाहला, टाकीच्या सफाईचा जाहला, आणि मग पंत उभे राहिले. पुढच्या खुर्चीची पाठ धरिली. म्हणाले, "लिफ्टसंबंधी मी जे लिहिलं ते चुकीचं होतं. मी विचार न करता लिहिलं. त्यापायी एका बाईचा हात मोडला. तो कागद काढावा अशी माझी विनंती आहे." रणधीरराव गोड हसून म्हणाले, "सर, तुमचं मन मोठं आहे. पण नियम आता तुमचा एकट्याचा नाही, सगळ्यांचा आहे. आणि पडणारा माणूस कुठंही पडतो." मागून कोणी म्हणाले, "सर, दर महिन्याला मत बदलून कसं चालेल?" आणि हशा पिकला. मग हात वर करविले. नियम काढावा म्हणणारे नऊ, ठेवावा म्हणणारे एकतीस. पंत खाली बसले. त्यांस वाटले होते की, चूक कबूल करणे हेच कठीण, ते केले की पुढचे आपोआप होईल. परंतु चूक त्यांच्या हातून सुटून लोकांची जाहली होती, आणि लोक ती परत देईनात.

हे वर्तमान संध्याकाळपर्यंत दरवाजापार गेले. मग सोमवारी सकाळी तिन्ही इमारतींत एकही बाई आली नाही. पहारेकऱ्याने सांगितले की, सगळ्या समोरच्या निंबाखाली बसल्या आहेत, आणि मध्ये कौसाबाई गळ्यात हात बांधून बसल्या आहेत, आणि त्या म्हणतात की आमचे पाय दुखतात, पाय बरे जाहले की येऊ. पहिले दिवशी राज्याने हे हसण्यावारी नेले. दुसरे दिवशी हॉटेलातून डबे आले. तिसरे दिवशी मोऱ्या तुंबल्या, आणि चौथे दिवशी नवव्या मजल्यावरील अंथरुणास खिळलेल्या आजोबांस पुसावयास, कूस बदलावयास कोणी नाही ऐसे जाहले, आणि त्यांचा लेक कचेरी सोडून घरी बसला. मग रणधीरराव पंतांच्या घरी आले, आणि बसा म्हटले तरी बसले नाहीत. म्हणाले, "सर, हे तुम्ही भडकवलंत. सभेत हरलात म्हणून बायांना पुढं केलंत." पंतांच्या मनी, राज्यातून आपणांस काढतील, बोलणे टाकतील, या वयात घर कोठे शोधावे, ऐसे नाना विचार एका क्षणात आले. आणि एक मोह ऐसाही आला की, होय, मीच केले, म्हणून सांगावे, म्हणजे तितके तरी पदरी पडेल. परंतु पंत म्हणाले, "नाही हो. मला कोणी विचारलंसुद्धा नाही." रणधीररावांनी त्यांच्या मुखाकडे निरखून पाहिले, आणि खरे आहे ऐसे ओळखून आल्या पावली गेले.

सहावे दिवशी कागद निघाला. कोणी काढिला हे कोणी सांगितले नाही, सभाही भरली नाही. बाया आल्या आणि लिफ्टेत चढल्या, आणि लिफ्टेत आधीच असलेली मंडळी मोबाईलात पाहू लागली. पंतांस समूहावर कोणी दूषण दिले नाही आणि भूषणही दिले नाही. बाकावर मात्र कोणी उठेना. ते सहा आठवडे पंतांनी भांडी घासली, केर काढिला, आणि मनोरमाबाई खुर्चीवरून सांगत त्याप्रमाणे कणीक मळिली, ती कधी पातळ होई, कधी दगड. कौसाबाईंच्या घरी ते दर आठवड्यास जात, दळण आणून देत, आणि फार न बसता उठत, कारण फार बसले की त्यांस पुन्हा खुलासा करावासा वाटे. एकदा त्यांनी विचारिले, "तुम्ही आमच्याकडे पुन्हा याल ना?" कौसाबाई म्हणाल्या, "बघू. हात काय म्हनतो बघू."

प्लास्टर निघाल्यावर श्रावण मासी एके दुपारी कौसाबाई आल्या. पंतांनी लगबगीने दार उघडिले. कौसाबाई म्हणाल्या, "कामाला नाय आले सर. परवापासून येईन. आज तुमचं अक्षर पायजे." पंत म्हणाले, "या, या, बसा." कौसाबाई आत आल्या आणि प्रथमच खुर्चीवर बसल्या. मनोरमाबाईंनी चहा ठेविला. पंतांनी कोरा कागद घेतला, लेखणी उघडिली, आणि सवयीने सुरुवात मनात तयारही जाहली. परंतु त्यांनी हात थांबविला आणि विचारिले, "काय लिहू?"

कौसाबाई म्हणाल्या, "लिहा, आमी समद्या बाया मिळून महिन्यातनं दोन रविवार घरी ऱ्हानार." पंतांनी लिहिले, आम्ही सर्व महिला नम्र विनंती करतो की. कौसाबाईंनी मान वाकवून कागद पाहिला आणि 'विनंती' या शब्दावर बोट ठेविले. म्हणाल्या, "हे नगं. विनंती केली की ते इचार करत्यात. कळवतो, असं लिहा." पंतांनी नवा कागद घेतला. आम्ही सर्व महिला कळवतो की, ऐसे लिहिले, आणि पुढे कौसाबाई सांगत गेल्या आणि पंत लिहीत गेले. एके ठिकाणी वाक्याचा कर्ता हरवला होता, तो त्यांस दिसला. पंतांनी पुसले, "हे जरा नीट करू का?" कौसाबाई म्हणाल्या, "समजतंय का?" पंत म्हणाले, "समजतंय." त्या म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ द्या." ते वाक्य तैसेच राहिले.

येणेप्रमाणे जैसे घडले तैसे लिहिले, पदरचे काही घातले नाही. राज्य आबाद आहे, लिफ्ट चालते, रणधीरराव दुसऱ्यांदा अध्यक्ष जाहले. महिन्यातून दोन रविवार राज्याची भांडी राज्यच घासते, आणि त्याविषयी पुष्कळांची मते समूहावर येतात. पंतांचे अद्याप आले नाही. विदित होय.