टोपीवाला कुठल्या पानावर

टर्रर्र.

वराळ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात दुपारची शांतता चिकटपट्टीच्या आवाजाने फाटली. शहिस्ताची लेक माहनूर कूस बदलून पुन्हा झोपली. शहिस्ता मात्र हातातला ओला टॉवेल घेऊन तशीच बाहेरच्या खोलीत धावली. चिकटपट्टीचा आवाज म्हणजे अब्बा, आणि अब्बा म्हणजे कव्हर.

तिचे सासरे दस्तगीर शाळेत शिपाई होते. निवृत्त झाले तरी जून लागला की घरातलं एकही पुस्तक त्यांच्या खाकी कागदातून सुटत नसे. गेल्या वर्षी गॅसचं कार्डसुद्धा त्यांच्या तावडीत सापडलं होतं.

"अब्बा, ते माहनूरचं नाही."

"मलाही वाटलंच, पहिलीला एवढं जाड कुठं असतं? म्हणून तर दुहेरी कागद लावला."

ते होतं एका व्हिडिओ गेम कंपनीच्या इतिहासाचं चारशे पानी पुस्तक. शहिस्ताने ते ऑनलाइन मागवलं होतं एकाच गोष्टीसाठी. सुदुंबऱ्यात, माहेरी, ती आणि तिचा भाऊ शाहबाज टीव्हीला रिमोट जोडून एक गेम खेळायचे. नाव माहीत नव्हतं, म्हणून टोपीवाला. कॅसेट अडली की शाहबाज ती काढून, बिस्मिल्लाह म्हणून फुंक मारायचा, आणि ती चालायची. टोपीवाला नदी ओलांडून एका बंद दारापाशी पोचायचा, आणि नेमकी तिथेच लाइट जायची. दारामागे काय होतं, ते राहूनच गेलं.

माहनूर झोपली की चाळीस-चाळीस पानं, असं करत तिने पुस्तक जवळजवळ संपवलं होतं. मालकांची भांडणं होती, कारखाने होते, रिमोटच्या रंगावर अख्खं प्रकरण होतं. टोपीवाला नव्हता. आज चारपर्यंत पुस्तक परत न्यायला माणूस येणार होता. दहा दिवसांची परतीची मुदत आज संपत होती.

तिने कव्हर अलगद सोडवलं. पुस्तकाला ओरखडाही नव्हता. जीव भांड्यात पडल्यावर तिने शाहबाजला फोन लावला. पलीकडे त्याच्या कंपनीतली मशीन धडधडत होती.

"भाईजान, ह्यात आपला टोपीवाला नाहीच."

"कसा असेल? आपली कॅसेट डुप्लिकेट होती गं."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

"तेव्हा सांगितलं असतं तर जेवली नसतीस."

"मग ठेवू का देऊ?"

"देऊन टाक. आपल्या काय कामाचं." मग मशीनपासून बाजूला होत त्याने विचारलं, "शेवटची पानं बघितलीस का? दाराचं काही?"

तेवढ्यात बाजीराव आला, पार्सलवाला. त्याने नियमाप्रमाणे पहिलं पान उघडलं. वर निळ्या शाईत ७८६. खाली वळणदार अक्षरात, 'कु. माहनूर नवाज शेख, पहिली ब'.

"ताई, ह्यात पेन चाललाय. आता न्हाई घेता येत."

शहिस्ताने सासऱ्यांकडे पाहिलं.

"नव्या पुस्तकावर आधी बिस्मिल्लाह, मग नाव लिहायचं असतं," दस्तगीर शांतपणे म्हणाले. "कव्हर नंतर."

बाजीराव मात्र पुस्तक खाली ठेवीना. उंबऱ्यावर टेकून चित्रं बघत राहिला. "आमी बी लय खेळलोय हे. त्यो नदी वलांडून दाराकडं जाणारा…"

"टोपीवाला?"

"व्हय, त्योच. मी दारापत्तर गेलतो."

"मग? दारामागं काय होतं?"

बाजीरावने डोकं खाजवलं. "लाइट गेली ना."

पुस्तक ठेवून तो गेला. दस्तगीरांनी खाकी कागद पुन्हा जवळ ओढला. टर्रर्र. या वेळी माहनूर उठलीच. डोळे चोळत आली आणि एकेक अक्षर लावत तिने आपलं नाव वाचलं.

"अम्मी, हे माझं पुस्तक?"

"आता तुझंच."

"कशाचं आहे?"

"मी आणि शाहबाजमामू लहानपणी खेळायचो ना, त्या खेळांचं."

माहनूरने पुस्तक मांडीवर ओढलं, पहिलं पान उलटलं, मग दुसरं, मग एकदम पन्नास.

"मग तू आणि मामू कुठल्या पानावर आहात?"