आठ बटाट्यांची वजाबाकी

मास्तरांनी ठरवलं, मोबाईलवरचं शिक्षक-प्रशिक्षण आजच उरकून टाकायचं. पहिलीला वजाबाकी कशी शिकवता याचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत पाठवला नाही, तर सुट्टीभर प्रशिक्षण केंद्रात जाऊन बसावं लागणार होतं. शाळा तर बंद. प्रशिक्षक बाईंनी मात्र सवलत दिली होती : मुलं नसतील तर घरच्यांना बसवा.

घरी होत्या बायको आणि चार दिवस राहायला आलेल्या सासूबाई.

डब्याला टेकून मोबाईल उभा राहिला. जमिनीवर आठ बटाटे मांडले गेले. मास्तरांनी वर्गातला आवाज काढला. (घरात हा आवाज काढायची त्यांची ही पहिलीच वेळ.)

"आठ बटाट्यांतले तीन मी घेतले. उरले किती?"

"पाच," बायको म्हणाली. "पण ते तीन आधी परत ठेवा. भाजीला कमी पडतील."

"आई, तुम्ही सांगा."

"आठ," भिंतीजवळ बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांच्या ओठांवर 'चूक' आलंच होतं. पण प्रशिक्षणात बजावलं होतं, चुकीच्या उत्तराला चूक म्हणायचं नाही. मुलाला विचार मांडू द्यायचा. त्यांनी तो शब्द गिळला आणि प्रेमाने विचारलं, "असं का वाटलं तुम्हाला?"

इथेच घात झाला. लग्नापासून आजवर हा प्रश्न जावयाने सासूबाईंना कधी विचारलाच नव्हता.

"कारण घेतलेलं तुम्ही परत ठेवता, आणि आणा म्हटलेलं आणत नाही. घरात आहे तेवढंच राहतं. आता त्या गळक्या नळाचंच बघा..." नळावरून गाडी पंख्यावर गेली, पंख्यावरून लग्नातल्या मानपानावर. मास्तर मान डोलावत राहिले, कारण शिकणाऱ्याला मधे तोडायचं नाही, हेही प्रशिक्षणातच होतं. वजाबाकी तिथेच राहिली. पुन्हा चित्रण करायला मोबाईलमध्ये जागा उरली नव्हती. त्यांनी डोळे मिटून व्हिडिओ पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी बाईंचा आवाजी निरोप आला. उत्साहाच्या भरात मास्तरांनी तो मोठ्याने लावला.

"सर, उत्तीर्ण. ऐकून घेण्याची तुमची तयारी अप्रतिम आहे. फक्त वर्गावर पकड हवी. भिंतीजवळ बसलेल्या वयस्कर विद्यार्थिनीला तुम्ही घाबरता, आणि ते तिला ठाऊक आहे."

स्वयंपाकघरातून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, बाई हुशार आहेत. त्यांच्याकडे अजून थोडे दिवस शिका."