अस्वलाचे चालू टेलिफोन

बाळांनो, एका जंगलातून फार पूर्वी एक युद्ध गेले होते. कोण जिंकले हे जंगलाला कोणी कळवले नाही. सैन्याचे टेलिफोन मात्र मागेच राहिले.

जाड पेटी, बाजूला फिरवायचे हँडल, आत घंटा. भास्करराव नावाच्या अस्वलाने असे टेलिफोन जमवून गुहा भरून टाकली. झोपायला जागा उरली नाही, तेव्हा ते बाहेर झोपू लागले. सगळे त्यांना मान देत. दुसऱ्याचा छंद कळला नाही की मान द्यावाच लागतो.

खंत एकच होती. यंत्रे चालू आहेत असे ते छातीठोकपणे सांगत. पण एकट्याने फोन कोणाला करणार?

नाल्यापलीकडे वेणू नावाची सशीण पिलांसह राहत होती. तिकडे बिबळ्या फिरकू लागला होता, आणि बिबळ्या भीत होता फक्त अस्वलाला. भास्कररावांनी तिच्याकडे एक टेलिफोन बसवला, तार ओढली आणि सांगितले, की बिबळ्या दिसताच हँडल फिरवायचे. आपण धावत येऊ. वेणू त्यांच्या पाया पडली.

एका दुपारी घंटा वाजली.

भास्कररावांनी आधी शेजारच्या तरसाला बोलावून घंटेचा अस्सल पितळी नाद ऐकवला. मग रिसीव्हर उचलला.

"काका, बिबळ्या आलाय. लवकर या."

"पोरी, 'बिबळ्या' स्पष्ट आलं. पुढचं तुटलं."

"काका, दारात आलाय हो."

"आता छान. एकदा ठेवून परत हँडल फिरव बघू. तरसभाऊंना घंटा नीट ऐकता आली नाही."

पलीकडून नुसती खरखर आली. ही खरखरसुद्धा त्या काळचीच, असे त्यांनी तरसाला समजावले.

थोड्या वेळाने घंटा पुन्हा वाजली.

"बिबळ्या बोलतोय," भरल्या तोंडाचा आवाज आला. "माझा आवाज नीट येतोय ना?"

भास्कररावांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"यंत्राला ओरखडा नाही ना पडला?"

"छे, छे. आधी बाजूला उचलून ठेवलं. काय सुंदर वस्तू आहे. अजून कोणाकडे बसवायचीय का?"

भास्कररावांना गहिवरून आले. इतक्या वर्षांत कदर करणारा कोणी भेटला नव्हता.

"उद्या हरणांकडे बसवतो," ते म्हणाले.

तात्पर्य : फोनवर आधी आवाज नीट येतो का हे विचारावे, मग काम सांगावे. वेणूने ते केले नाही.