सदतीस दुकानं आणि एक ठिपका

"तक्ता माझ्याकडे, नकाशा कॉम्प्युटरकडे, मधे लागते ती फक्त अक्कल! आठ दिवसांत करून देतो!"

शेखरने ही घोषणा केली तेव्हा शहापूरच्या त्या गोदामात पेंडीच्या गोण्यांखेरीज दोनच श्रोते होते. एक गोदामाचे आणि पेंडीचे मालक सावळारामशेठ, आणि दुसरे त्यांचे जुने फिरते विक्रेते कोंडूतात्या. साल दोन हजार नऊ. भिवंडीकडच्या एका पेंडवाल्याने वेबसाइट काढली होती आणि तिच्यावर म्हणे नकाशा होता. गिऱ्हाइकाने बटण दाबलं की जवळचं दुकान ठिपक्यासकट हजर! तेव्हापासून शेठना जेवण गोड लागत नव्हतं.

"शहापूर-मुरबाडात आपली पेंड ठेवणारी सदतीस दुकानं हायेत," शेठ म्हणाले. "सगली दिसली पायजेत. जमलं तर तू हितं कायमचा. टेबल, खुर्ची, वर पंखा!"

शेखरला पंखा जास्त भावला. त्याच्या मुरबाडच्या कॉम्प्युटर क्लासला दोनच विद्यार्थी होते. त्यांतली एक म्हणजे त्याची बायको अनिता आणि दुसरा पंख्याखाली झोपायला यायचा. अनिताने होळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर नोकरी लागली नाही तर क्लासला कुलूप आणि शेखर तिच्या भावाच्या डोंबिवलीच्या कारखान्यात, उभ्याने खोकी चिकटवायला! मेहुण्याच्या हाताखाली खोकी चिकटवण्यापेक्षा माहुली गडावरून उडी बरी, असं शेखरचं स्पष्ट मत होतं, आणि ते त्याने शेठनाही ऐकवलं होतं.

शेठनी दिलेल्या तक्त्यात नाव होतं, गाव होतं, फोन होता. पत्त्याच्या रकान्यात मात्र 'वडाखाली', 'नदीच्या पल्याड' आणि अकरा ठिकाणी 'कोणालाही विचारा' असं लिहिलं होतं. कॉम्प्युटर कोणाला विचारणार? त्याला अक्षांश-रेखांशच हवेत. मग शेखरने मोजणीवाल्या मित्राकडून ते आकडे दाखवणारं मुठीएवढं यंत्र मागून आणलं आणि कोंडूतात्यांच्या हाती दिलं. तात्या तीस वर्षं स्कूटरवरून हाच भाग पालथा घालत होते. दुकानदारांना तर ते आज्यापासून ओळखायचे.

"तात्या, एकेका दुकानदाराला गाठायचं. हे बटण दाबायचं. जे आकडे दिसतील ते नावापुढे लिहायचे. एकही सुटता कामा नये!"

"एवढंच ना रे? मला वाटलं काय कठीण हाय!"

शेखरने आठ दिवस धरले होते. तात्या दुसऱ्याच दिवशी दुपारी परत! सदतीसच्या सदतीस रांगा भरलेल्या. खांद्यावर करकरीत नवी घोंगडी, हातात गोडीशेवेचा पुडा.

"तात्या, तुम्ही माणूस आहात की विमान?"

"शेव खा," तात्या म्हणाले आणि निघून गेले.

शेखरने शेव खाल्ली, आकडे तक्त्यात चढवले, तक्ता नकाशात ओतला आणि बटण दाबलं. नकाशावर एक ठिपका उमटला. एकच!

त्याने पुन्हा बटण दाबलं. एक. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. एक! आकडे तपासले तर सगळे एकोणीस पूर्णांक काहीतरी आणि त्र्याहत्तर पूर्णांक काहीतरी. पण शेजारशेजारचे तालुके म्हटल्यावर आकडे जवळचे असणारच की. मग त्याने नकाशा मोठा केला. आणखी मोठा केला. अगदी शेवटापर्यंत मोठा केल्यावर तो ठिपका फुटला आणि आतून सदतीस ठिपके निघाले. सगळी दुकानं एका माळाएवढ्या जागेत दाटीवाटीने बसली होती!

हे नक्की कुठे आहे, तेही कळेना. तेव्हाच्या नकाशात आपल्या भागात हायवे, रेल्वे, डोंगर आणि भातसा धरणाची निळाई एवढंच असायचं. गावांची नावं घालायला कोणाला वेळ झाला नव्हता. शेखरचं डोकं पार भिरभिरलं.

"अहो, तात्यांनाच इचारा ना," अनिता म्हणाली.

"हा गणिताचा प्रश्न आहे. तात्यांना त्यातलं काय कळणार?"

आणि मग त्याला उलगडा झाला! यंत्र मुठीएवढं, म्हणून ते लहान मापात मोजत असणार! त्याने मधला बिंदू धरला आणि तिथून प्रत्येक ठिपक्याचं अंतर दीडशे पटीने वाढवलं. बघता बघता ठिपके दोन्ही तालुक्यांवर पसरले. काय सुंदर नकाशा दिसत होता! शेखरचे डोळे अक्षरशः भरून आले.

चौथ्या दिवशी शेठनी दुकानदारांना गोदामात बोलावलं. भिंतीवर चादर ताणली, तिच्यावर नकाशा पडला, टाळ्या वाजल्या. आटगावच्या गिरजाबाई पुढे सरसावल्या.

"माझं दुकान दाव रे!"

शेखरने ऐटीत बटण दाबलं. चादर निळीशार झाली.

"हे पाणी कसलं?"

"धरण हाय ते," मागून कोणीतरी सांगितलं.

"अगो बाई! माझं दुकान धरणात?"

"तुमचं निदान खाली तरी हाय," टोकावड्याचे लखमाशेठ ओरडले. "माझं बघा! आटगावच्या वरचा डोंगर म्हणजे माहुली नाय का? गडावर पेंड काय वानरांना खाऊ घालू?"

मग जो तो आपलं दुकान शोधू लागला. एकाचं रेल्वेच्या रुळांवर निघालं, एकाचं माळशेजच्या दरीत. एकाचं तर घाट चढून पार नगर जिल्ह्यात गेलं होतं आणि त्याला ते जरा आवडलंही होतं. सावळारामशेठ चादरीपुढे उभे राहून हरवलेली दुकानं बोटांवर मोजत होते. शेखरला डोळ्यांपुढे खोकी दिसू लागली.

"आकडे तात्यांनी आणले!" तो किंचाळला. "तात्या, तुम्ही दुकानात जाऊन बटण दाबलं की नाही?"

"दुकानात?" तात्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "दुकानात कशाला जाऊ? म्हसा गावाची जत्रा चालू हाय. गुरांचा बाजार भरलाय. पेंडवाले सगले तिथंच पाल टाकून बसलेत. तू म्हनलास दुकानदाराला गाठा. मी सदतीस गाठले!"

दीडशे पटीचं गणित शेखरने कोणालाच सांगितलं नाही.

"उद्या दोघं जा," शेठ शेवटी म्हणाले. "दुकानादुकानात जा. नायतर डोंबिवलीला जा."

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या मागे बसून शेखर टोकावड्याला पोचला. लखमाशेठच्या दुकानाला कुलूप, फळीवर खडूने लिहिलेलं: 'म्हशात भेटा. बैलांची रांग.' पुढच्या गावात कुलूप. त्याच्या पुढच्या गावातही कुलूप! उन्हातान्हात आटगावला पोचले तर ओट्यावर गिरजाबाईंची सासू धोंडूबाई एकटीच बसलेली.

"गिरजा काल मीटिंगीतून परत म्हशाला गेली. पेंड पायजे त म्हशाला जा. हितं काय ठेवलंय?"

शेखर मटकन ओट्यावर बसला. म्हणजे ज्याला पेंड हवी त्याच्यासाठी तो पहिला, एकुलता एक ठिपका अगदी बरोबर होता! चूक होती ती फक्त त्याच्या अकलेची.

संध्याकाळी त्याने गणित पुसून जुना ठिपका परत आणला आणि घाबरत घाबरत शेठपुढे सगळं कबूल केलं. शेठनी ठिपक्यावर बोट ठेवलं.

"आणि जत्रा उठल्यावर?"

"मंग आपापल्या गावात," तात्या म्हणाले. "बाजाराच्या वाराला बाजारात. लावनीला शेतात. लगीनसराईत मांडवात."

"म्हणजे नकाशा दर आठवड्याला नवा काढावा लागंल?"

"लागंल की."

शेठनी सुस्कारा सोडला. "मग हा पोरगा कायमचाच ठेवावा लागंल!"

शेखर उड्या मारत घरी आला. अनिताने लगेच देवापुढे साखर ठेवली.

"टेबल मिळालं?"

"ते... अजून नाही."

"मग खुर्ची?"

"बसायला आहे. तात्यांच्या स्कूटरवर, मागे."

"आणि पंखा हो?"

शेखरने धुळीने माखलेलं तोंड पदराला पुसलं, तेही तिच्याच.

"वारा भरपूर आहे!"